कडेचा एक मीटर

सायकल शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिला सल्ला मिळतो तो एकच: कडेकडेने चालव. देणाऱ्याच्या मनात माया असते. मोठी गाडी मधून जाणार, तिच्या वाटेत येऊ नकोस, एवढंच त्याला सांगायचं असतं. पण हा सल्ला इतका अंगात मुरतो की चांगली मोठी माणसंसुद्धा मागून हॉर्न वाजला की आपोआप डावीकडे सरकतात, अगदी पेडल फूटपाथला घासेपर्यंत. मला त्या कडेबद्दलच लिहायचंय. भरल्या रस्त्यावर सायकलस्वाराच्या वाट्याला जे येतं, त्यातलं बरंचसं त्या कडेच्या एका मीटरात येतं, किंवा तो तिथे अंग चोरून चालला होता म्हणून येतं.

(पुढे सगळीकडे डावीकडून चालणारी रहदारी धरली आहे. जिथे उजवीकडून चालतात तिथे डावं-उजवं उलटं करून वाचावं.)

तो एक मीटर एकदा खाली वाकून नीट बघावा. मोटारींच्या चाकांमुळे रस्त्याचा मधला भाग झाडल्यासारखा स्वच्छ राहतो. वाळू, काचा, खिळे, तारेचे तुकडे सगळं उडून कडेला येऊन साचतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो, म्हणजे पाणीही तिथेच, आणि त्याखाली खड्डा केवढा आहे ते वरून कळत नाही. डांबर संपून गटारालगतची काँक्रीटची पट्टी सुरू होते तिथे एक सांधा असतो. डांबरावर थर चढत जातात, पट्टी होती तिथेच राहते, आणि दोन-तीन सेंटीमीटरची पायरी तयार होते. मोटारीला ती जाणवतही नाही. सायकलचं पुढचं चाक मात्र तिरकं त्या पायरीवर चढायला गेलं की चढत नाही, कडेला घासत राहतं. हँडल हातात असूनही सायकल वळत नाही, आणि माणूस आडवा होतो, तोही बहुधा रस्त्याच्या बाजूला.

मग पावसाळी गटाराच्या जाळ्या. जुन्या जाळ्यांच्या पट्ट्या पुष्कळदा रस्त्याच्या दिशेने लांब बसवलेल्या असतात. सायकलचा टायर साधारण 25 ते 50 मिलिमीटर रुंद. दोन पट्ट्यांमधली फट त्याहून मोठी असली की पुढचं चाक सरळ आत जातं, सायकल जागच्या जागी थांबते आणि अंग हँडलवरून पुढे फेकलं जातं.

कडेचा खरा सापळा मात्र वेगळाच आहे, आणि वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्यांनाही तो सांगता येत नाही, कारण तो शरीराला माहीत असतो, डोक्याला नसतो. सायकल उजवीकडे वळवायची तर चाक आधी क्षणभर डावीकडे जावं लागतं. चाकं अंगाखालून डावीकडे सरकली की अंग उजवीकडे कलतं, आणि अंग कललं की मगच सायकल उजवीकडे वळते. मोकळ्या मैदानावर सरळ जाताना उजवी मूठ अगदी हलकेच पुढे ढकलून बघा: हँडल डावीकडे फिरतं आणि सायकल उजवीकडे झुकते. आता डावीकडे चार बोटांवर फूटपाथची कड असेल तर चाकाला डावीकडे जायला जागाच नाही. समोर खड्डा आला, कुत्रं आडवं आलं, तर उजवीकडे निसटता येत नाही. कडेला चिकटलेला सायकलस्वार एका बाजूने बांधलेला असतो. म्हणून कडेपासून निदान अर्धा मीटर, जमेल तिथे पाऊण-एक मीटर अंतर ठेवायचं. ही चैन नाही. वळायला लागणारी जागा आहे ती.

लेन अरुंद असेल तर पुढचा हिशोब करावाच लागतो. समजा लेन 3 मीटरची आहे. चाक कडेपासून अर्ध्या मीटरवर, हँडलची उजवी बाजू तिथून आणखी 30 सेंटीमीटर. उरले 2.2 मीटर. मोटार आरशांसकट 2 मीटरच्या आसपास. म्हणजे त्याच लेनमधून ओव्हरटेक केलं तर मधे एक वीत अंतर. जर्मनीत 2020 पासून मोटारीने सायकलला ओलांडताना शहरात 1.5 मीटर आणि शहराबाहेर 2 मीटर अंतर ठेवणं बंधनकारक आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही 2022 च्या बदलांत 1.5 मीटरचा आकडा आला. तेवढं अंतर राखायचं तर मोटारीला शेजारच्या लेनमध्ये जावंच लागतं, सायकल कडेला असो की मध्यावर. तिथे कडेला सरकून आपण तिला जागा करून देत नाही, दोघंही मावू असा खोटा दिलासा देतो. अशा ठिकाणी लेनच्या मध्यावर येणं, अरुंद भाग संपला की पुन्हा डावीकडे सरकणं, हे बरोबर. मात्र जिथे वाहनं साठ-सत्तरच्या वेगाने जातात आणि रस्ता वळणाचा आहे, तिथे मध्यावर जायचा सल्ला मी देणार नाही. तिथे वाट बदलावी, लांबची पडली तरी.

मोठ्या वाहनाच्या वाऱ्याचाही यात भाग आहे. वेगातला ट्रक शेजारून जाताना त्याच्या तोंडाशी दाबलेली हवा आधी बाहेर ढकलते, आणि धूड पुढे गेलं की आत ओढते. ढकलल्यावर माणूस सावरायला उजवीकडे कलतो, आणि नेमका तेव्हाच ओढा बसतो. कोपर सैल ठेवले, मुठी आवळल्या नाहीत, तर हा झोका हातातच विरतो.

आता दारं. रस्त्याकडेला उभ्या मोटारींची रांग असली की कडेचा मीटर त्या रांगेबाहेर सरकतो. मोटारीचं दार पूर्ण उघडलं की साधारण एक मीटर बाहेर येतं. सायकल ताशी 18 किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला 5 मीटर जाते. दार दिसून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे 5 मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी अडीच. साडेसात मीटरच्या आत दार उघडलं तर थांबणं हातात राहत नाही. आणि दारावर आपटण्यापेक्षाही वाईट प्रकार असतो तो दाराची कड चाटून जाण्याचा. हँडलचं डावं टोक दाराला अडकतं, हँडल एका झटक्यात डावीकडे फिरतं आणि अंग उजवीकडे, चालत्या रहदारीत फेकलं जातं. दारामुळे होणारे जीवघेणे अपघात पुष्कळदा असे घडतात, मागून येणाऱ्या तिसऱ्याच वाहनाखाली.

काही जण प्रत्येक मोटारीच्या मागच्या काचेतून आत कोणी बसलंय का, आरशात चेहरा दिसतो का, ब्रेकचा दिवा आत्ताच विझला का, पुढची चाकं बाहेर वळलेली आहेत का, हे बघत जातात. बघावं. पण त्यावर विसंबू नये, कारण काळ्या काचेतून आणि उंच सीटच्या पाठीमागून माणूस दिसत नाही, आणि एका मिनिटात अशा पन्नास गाड्या ओलांडायच्या असतात. उभ्या गाड्यांपासून हँडलचं टोक एक मीटर दूर ठेवायचं, चाकाच्या हिशोबात सव्वा ते दीड मीटर, आणि ती रेघ सोडायची नाही. दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरून पुन्हा बाहेर यायचं नाही. आत शिरलेला माणूस मागच्या ड्रायव्हरच्या नजरेतून जातो, आणि बाहेर येतो तो त्याच्या बंपरसमोर.

मोटारीत बसणाऱ्यांसाठी उपाय एका वाक्याचा आहे: दार लांबच्या हाताने उघडायचं. उजवीकडे बसलेल्याने डाव्या हाताने, डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. हात आडवा गेला की खांदा फिरतो, खांद्यामागे मान फिरते, आणि मागून येणारा दिसतो. नेदरलँड्सशी जोडलेली ही सवय ‘डच रीच’ या नावाने जगभर ओळखली जाते आणि ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही ती आहे. घरातल्या लहान मुलांना ती लावावी. एकदा लागली की आयुष्यभर जात नाही.

एवढं सगळं असूनही सगळ्यात जास्त जपायला हवं ते चौकात. मागून कोणी उडवेल ही भीती सगळ्यांना असते, पण शहरातल्या रस्त्यावर सायकल आणि मोटार यांच्या वाटा एकमेकींना छेदतात त्या चौकात आणि फाट्यांवर. मोटार सायकलला ओलांडते आणि लगेच डावीकडे वळते. किंवा समोरून येणारी मोटार तिच्या उजवीकडे वळताना सरळ जाणाऱ्या सायकलच्या आडवी येते. दुसऱ्या प्रकारात ड्रायव्हर समोरच्या मोटारींमधली फट शोधत असतो. सायकल ही त्याला फटच वाटते.

आणि डावीकडे वळणारा ट्रक. याच्यापाशी थांबून सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चूक झाली तर दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. लांब वाहन वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांत 6 मीटर अंतर असलेला ट्रक पुढच्या चाकांनी 12 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत राहिला, तर मागची चाकं सुमारे 10.4 मीटर त्रिज्येवरून जातात, म्हणजे दीड मीटरहून अधिक आत. चौकातल्या पाव वळणात हा फरक थोडा कमी भरतो, मागे ट्रेलर असेल तर पुष्कळ वाढतो. हे माहीत असल्यामुळे ट्रकचा ड्रायव्हर डावीकडे वळण्याआधी जरा उजवीकडे जातो. मागून येणाऱ्या सायकलस्वाराला काय दिसतं? ट्रक उजवीकडे सरकला, डावीकडे ऐसपैस जागा मोकळी झाली. तो त्या जागेत शिरतो. मग ट्रक वळू लागतो आणि जागा पुढून मागे मिटत येते, कात्री मिटावी तशी. पुढचा भाग तर दूरच असतो, म्हणून धोका जाणवत नाही. ट्रकचा मधला भाग खांद्याला लागतो तेव्हा मागची चाकं दोन-तीन मीटरवर असतात, आणि डावीकडे फूटपाथची नाहीतर रेलिंगची भिंत.

ड्रायव्हरच्या बाजूने बघितलं तर उंच केबिनमध्ये तो जमिनीपासून दोन मीटरहून वर बसलेला असतो. डाव्या दाराच्या काचेची खालची कडच इतकी उंच असते की दारालगत उभा असलेला सायकलस्वार तिच्याखाली अख्खा झाकला जातो. केबिनच्या अगदी पुढ्यात, बंपरला लागूनही तेच. आरसे आहेत, पण पाच-सहा आरसे क्रमाने बघायला काही सेकंद जातात, आणि पहिल्या आरशात नसलेला सायकलस्वार पाचवा बघेपर्यंत तिथे आलेला असतो. लंडनमध्ये 12 टनांवरच्या ट्रकला शहरात यायला परवाना लागतो आणि केबिनमधून थेट नजरेला किती दिसतं यावर ट्रकला शून्य ते पाच तारे दिले जातात. ही व्यवस्था 2021 पासून अंमलात आहे. काच खाली आणणं आणि ड्रायव्हरला खाली बसवणं, हा त्यातला विचार आहे. शहरात फिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या वाहनाला तो लागू व्हावा असं मला मनापासून वाटतं.

तोवर सायकलस्वाराने पाळायचं ते असं. सिग्नलला ट्रक किंवा बस उभी असेल तर तिच्या डावीकडून पुढे जायचं नाही, इंडिकेटर लागलेला नसला तरी. मागे थांबायचं, लेनच्या मध्यावर, मागच्या बंपरपासून इतकं दूर की त्याचे दोन्ही बाजूंचे आरसे आपल्याला दिसतील. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला आपण दिसत नाही. आपण आधी सिग्नलला पोचलो आणि ट्रक मागून येऊन शेजारी उभा राहिला, तर दिवा हिरवा व्हायच्या आत जागा बदलायची: स्टॉप लाइनच्या पुढे तीन-चार मीटर, त्याला काचेतून दिसू असं, किंवा सरळ सायकल उचलून फूटपाथवर. जायला वेळ उरला नसेल तर फूटपाथवरच. त्यात कमीपणा काही नाही.

‘बघितलं पण दिसलं नाही’ असं अपघातानंतर ड्रायव्हर सांगतात, ते खोटंच असतं असं नाही. दोन वाटा एकमेकींना छेदत असतील आणि मोटार व सायकल आपापल्या स्थिर वेगाने एकाच वेळी त्या बिंदूवर पोचणार असतील, तर मोटारीत बसलेल्याला सायकल शेवटपर्यंत एकाच कोनात दिसते. ती काचेवर इकडून तिकडे सरकत नाही, नुसती हळूहळू मोठी होत जाते. डोळा हालचाल टिपतो. न हलणारा ठिपका तो सोडून देतो. त्यातून तो ठिपका समोरच्या काचेच्या खांबामागे आला तर संपलंच. दहा-बारा सेंटीमीटर रुंदीचा तो खांब ड्रायव्हरच्या डोळ्यापासून हाताच्या अंतरावर असतो आणि तीस मीटरवरची अख्खी सायकल त्यामागे मावू शकते. टक्कर होणार असली की कोन बदलत नाही, म्हणून सायकल खांबामागेच राहते. समोरून बघितली तर तीस मीटरवरची सायकल, हात लांब केल्यावर दिसणाऱ्या आपल्याच अंगठ्याच्या निम्म्या रुंदीची असते. शिवाय मान फिरवताना नजर सलग फिरत नाही, उड्या मारत जाते, आणि उडीच्या मधलं मेंदू गाळून टाकतो.

यावर सायकलस्वाराच्या हातात थोडं आहे, पण आहे. बाजूच्या रस्त्यातून मोटार येताना दिसली की एकाच रेषेत न जाता अर्धा मीटर उजवीकडे सरकावं, वेग जरा बदलावा. कोन मोडतो, ठिपका काचेवर हलतो. मोटारीच्या बोनेटकडे बघण्याऐवजी तिच्या पुढच्या चाकाकडे बघावं. गाडी हलू लागली हे चाकाच्या फिरण्यावरून आधी कळतं, बोनेटवरून उशिरा. रात्रीसाठी पुढे पांढरा, मागे लाल दिवा. मागचा दिवा जमिनीला समांतर, आभाळाकडे किंवा मडगार्डकडे वळलेला नको, आणि पिशवी किंवा रेनकोटच्या टोकाआड तर मुळीच नको. ही शेवटची चूक फार होते, कारण सीटवर बसल्यावर आपला मागचा दिवा आपल्याला दिसत नाही. पोपटी फ्लोरोसंट जाकीट दिवसा उत्तम, कारण ते सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर उजळतं. रस्त्याच्या दिव्याखाली ते साधं फिकट कापड होतं. रात्री लागते ती प्रकाश उलटा फेकणारी चंदेरी पट्टी. ती पाठीपेक्षा घोट्यांना बांधावी. वरखाली होणारे दोन ठिपके दिसले की हा माणूस पेडल मारतोय हे ड्रायव्हरच्या डोक्यात लगेच बसतं. पेडलला रिफ्लेक्टर लावतात ते याचसाठी. ते तुटले की पुन्हा लावायचे राहून जातात, तेवढं करू नये.

वेगाबद्दल एकच गणित सांगावंसं वाटतं. ताशी 30 ने चाललेली मोटार सेकंदाला 8.3 मीटर जाते, 50 ने चाललेली जवळपास 14. ड्रायव्हरला दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने पहिली मोटार एकूण साडेसतरा मीटरवर उभी राहते. दुसरी त्या जागी पोचते तेव्हा ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोचलेलाही नसतो. ती अजून पूर्ण पन्नासच्या वेगात असते. पॅरिसने ऑगस्ट 2021 मध्ये शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर 30 ची मर्यादा आणली. वीसचा फरक ऐकायला लहान आहे, पण त्या साडेसतराव्या मीटरवर एखादं मूल सायकलवर असेल तर एक गाडी त्याच्या अलीकडे थांबलेली आहे, आणि दुसरी थांबायला सुरुवातही झालेली नाही.

सायकलच्या स्वतःच्या ब्रेककडे येतो. बहुतेकांना लहानपणी सांगितलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील. त्यामुळे पुष्कळजण आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर चालवतात. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं आणि घसरू लागतं. नुसत्या मागच्या ब्रेकने ताशी 18 वरून थांबायला साधारण 5 मीटर लागतात, दोन्ही नीट वापरले तर त्याच्या निम्मे. रिकाम्या जागेत सराव करावा. आधी कोणता लिव्हर पुढचा ते बघावं, देशागणिक तो बदलतो. खडूने रेघ मारावी, रेघेवर दोन्ही ब्रेक लावावेत. अंग मागे सरकवायचं, हात ताठ, पुढचा ब्रेक झटक्याने न दाबता वाढवत न्यायचा. मागचं चाक घसरू लागलं की समजायचं आता पुढचा किंचित सैल करायचा. वीस-पंचवीस वेळा केलं की हाताला बसतं. वळणावर पुढचा ब्रेक जोरात लावायचा नाही, वेग वळणाआधीच कमी करायचा.

ब्रेकचे गुटके महिन्यातून एकदा बघावेत. त्यांच्यावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या की बदलायचे. गुटका रिमच्या पट्टीवर पूर्ण बसायला हवा. वर सरकून टायरला लागला तर टायर बाजूने कापत जातो आणि एके दिवशी फुटतो. खाली सरकला तर रिमखाली घसरून आऱ्यांत जाऊ शकतो. गुटका आणि रिममध्ये साधारण 2 मिलिमीटर फट. चाक आउट असेल तर ही फट एका जागी घासते, दुसरीकडे उघडते, मग लोक ब्रेक ढिला करून ठेवतात. तसं करू नये, आधी चाक सरळ करून घ्यावं. गुटक्यात रिमचे चमकदार कण रुतलेले दिसले तर सुईने काढावेत, नाहीतर ते रिम खरवडत राहतात. गुळगुळीत, चकचकीत झालेला गुटका सँडपेपरवर घासला की पुन्हा धरतो. तार तुटते ती बहुधा लिव्हरच्या आत, जिथे तिची गुंडी बसते तिथे, किंवा खाली नटखाली दाबलेली असते तिथे. एक धागा जरी उसवलेला दिसला तरी तार बदलायची. पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि मूठ यांत दोन बोटं राहायला हवीत.

पावसात रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत ब्रेक धरत नाही. चाकाचा एक फेरा साधारण 2.1 मीटरचा, आणि पाणी पुसायला एक-दोन फेरे जातात. स्टीलच्या चकचकीत रिमला तर त्याहून जास्त. म्हणून चौक जवळ आला की गरज नसताना ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यायची. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून जो लगदा होतो, तो पुढच्या जोरदार पावसापेक्षा घसरडा असतो. झेब्राचे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलाचे सांधे, ओली पानं यांवरून जाताना सायकल सरळ उभी, ना ब्रेक, ना वळण. ट्रामचे किंवा रेल्वेचे रूळ ओलांडायचे ते शक्य तितके काटकोनात. तिरकं गेलं तर चाक खाचेत बसतं आणि मग काही करता येत नाही.

उजवीकडे वळण्याचा सगळा जीव मागे बघण्यात आहे. मागे बघायला मान फिरवली की खांदा फिरतो, खांद्याबरोबर हँडल, आणि सायकल न विचारता उजवीकडे जाते. त्यासाठी रिकाम्या रस्त्यावर एका रेघेवरून चालवत हनुवटी उजव्या खांद्याला लावायची, डावा कोपर सैल ठेवायचा, आणि मागे कोणी किती बोटं दाखवली ते ओळखायचं. रेघ सुटत नाही इतकं जमलं की गर्दीत वापरायचं: बघा, हात दाखवा, पुन्हा बघा, मग एक लेन सरका. दुसऱ्या लेनसाठी हे सगळं पुन्हा. जमणार नसेल तर सरळ चौक ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचं, सायकल फिरवायची आणि तिथल्या सिग्नलने जायचं. डेन्मार्कमध्ये सायकलस्वारांना, तिथे रहदारी उजवीकडून असल्यामुळे, डावं वळण असं दोन टप्प्यांत घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

हेल्मेटबद्दल वाद पुष्कळ होतात. माझं मत: घालावं, आणि ते काय करतं हे ओळखून घालावं. युरोपच्या ईएन 1078 या मानकात हेल्मेट सपाट लोखंडावर सेकंदाला 5.42 मीटर वेगाने आपटून तपासतात, म्हणजे सुमारे दीड मीटर उंचीवरून पडल्याएवढं. सायकलवरून पडून डोकं जमिनीला लागणं, एवढ्यासाठी ते बनवलेलं आहे. मोटारीच्या पूर्ण वेगाच्या धडकेसाठी ते बनवलेलं नाही. आतला थर्माकोलसारखा फेस एकदाच चेपतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद. भुवईच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकंच सैल. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट पडताना आणखी मागे जातं.

पण हे सगळं सायकलस्वाराने शिकून घ्यायचं, आणि रस्ता आहे तसाच राहणार, हे मला पटत नाही. आठ वर्षांच्या मुलीला ट्रकच्या मागच्या चाकांचं गणित कळायची अट घालणारा रस्ता चुकीचाच आहे. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर 3,300 च्या आसपास माणसं मेली, त्यांत 400 हून जास्त मुलं होती. पुढच्याच वर्षी ‘स्टॉप द किंडरमोर्ड’, म्हणजे मुलांची हत्या थांबवा, या नावाने लोक रस्त्यावर उतरले, आणि तिथले आजचे सायकलमार्ग त्या दशकातल्या रेट्यातून आले. ऑस्लोने शहराच्या मध्यभागातल्या रस्त्याकडेच्या पार्किंगच्या शेकडो जागा काढल्या, वेग कमी केला. 2019 साली त्या शहरात एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्त्यावर मेला नाही.

उभ्या मोटारींच्या शेजारी नुसती रंगाची पट्टी मारून सायकलची लेन केली की ती नेमकी दारांच्या पट्ट्यात पडते. ती नसती तर बरं, कारण तिच्याबाहेर चालणाऱ्याला ड्रायव्हर दटावतात. लेन मोटारींच्या आतल्या बाजूला, फूटपाथलगत आणि दारासाठी मोकळी पट्टी सोडून हवी. चौकात डच पद्धतीचा कोपरा असतो: कोपऱ्यावर एक छोटा उंचवटा, त्यामुळे मोटारीला कोपरा कापून जाता येत नाही, वळण घट्ट घ्यावं लागतं आणि वेग आपोआप कमी होतो, सायकलची वाट मुख्य रस्त्यापासून साधारण एका मोटारीइतकी आत सरकवलेली. मोटार वळून सरळ होते तेव्हा सायकल तिच्या समोरच्या काचेत येते, आरशात नाही, आणि थांबायला मधे पाच मीटर जागा असते.

असा कोपरा बांधायला काळ जातो. जाळीला जात नाही. पट्ट्या रहदारीच्या दिशेने असलेली जाळी दिसली की दोन पट्ट्यांवर मोजपट्टी आडवी ठेवून फोटो काढावा, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर लिहून घ्यावा आणि पट्ट्या रहदारीला समांतर आहेत असं स्पष्ट लिहून अर्ज द्यावा. जाळी चौकोनी असेल तर उचलून काटकोनात फिरवून परत बसवता येते. आयताकृती असेल तर फिरत नाही, मग तिच्यावर दर दहा-पंधरा सेंटीमीटरला एक आडवी पट्टी वेल्ड करतात. ती होईपर्यंत जाळीच्या वीसेक मीटर अलीकडेच मागे बघून घ्यायचं आणि उजवीकडे यायचं, म्हणजे जाळीपाशी पोचताना आपण आधीच मीटरभर बाहेर असतो.